कड्यावरचें वन आणि त्याचे पाहुणे

चिडाच्या वर्गांत शंभराहून अधिक जाती आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळांचीं अरण्यें कोसच्या कोस पसरलेलीं असतात. हिमालयाच्या उतारावर चिडाचें रान पाहणाऱ्या माणसाला तें कोठें सुरू झालें व कोठें संपलें हें सांगतां येत नाहीं. परंतु याच कुळांत एक जात अशी आहे कीं, ती जगाच्या पाठीवर आपण होऊन दोनच ठिकाणीं उगवते. त्यांपैकीं एक ठिकाण म्हणजे अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण टोंकाला, सॅन डिएगो शहराच्या उत्तरेकडील समुद्रकडे. आणि दुसरें, तेथून वायव्येस सुमारें १७५ मैलांवर असलेलें सांता रोझा नांवाचें बेट. या झाडाचें नांव टॉरी पाइन. सॅन डिएगोजवळील त्याचें वन आज ‘टॉरी पाइन्स राज्य निसर्ग राखीव क्षेत्र’ या नांवानें ओळखलें जातें. कडे, वाळूचा किनारा, खाजण आणि पायवाटा मिळून ही सुमारें २००० एकरांची जागा आहे. ती पाहावयास दरवर्षीं लाखों माणसें येतात. झाडें मात्र कांहीं हजारच आहेत. जेथें पाहणारे लाखांनीं आणि पाहावयाची वस्तु हजारांनीं मोजावी लागते, तेथें पाहणें आणि राखणें या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षें या कड्यांवर विचारला जात आहे.

सॅन डिएगो हें प्रशांत महासागराच्या कांठीं वसलेलें तेरा लाखांहून अधिक वस्तीचें शहर. अक्षांशाच्या हिशेबानें तें जवळजवळ आपल्या जम्मूच्या रेषेंत येतें. शहराची हद्द उत्तरेकडे जेथें संपत येते तेथें, ला होया आणि डेल मार या दोन वस्त्यांच्या मध्यें, किनारा एकाएकीं उंच होतो. समुद्राच्या अंगाला सुमारें तीनशें फुटांपर्यंत चढत गेलेले कडे, त्यांच्या माथ्यावर पठार, पठाराला पावसाच्या लोंढ्यांनीं पाडलेल्या खोल घळी, आणि उत्तरेच्या बाजूस पायथ्याशीं खाऱ्या पाण्याचें विस्तीर्ण खाजण, अशी येथील भूमीची घडण आहे. घळींच्या कांठांवर आणि कड्यांच्या खांद्यांवर टॉरी पाइनचीं झाडें उभीं आहेत. कोंकणच्या पुळणीवर सुरूचीं बनें पाहिलेल्या माणसाला दुरून क्षणभर त्यांचाच भास होईल. परंतु सुरूच्या काड्या पाइनच्या सुयांसारख्या दिसत असल्या तरी सुरू हा चिडाच्या कुळांतला नव्हे. शिवाय आपल्या पुळणींवर तो माणसानें आणून लावलेला आहे. या कड्यांवरचें झाड कोणीं आणलेलें नाहीं. तें तेथलेंच आहे.

पाहुण्यानें प्रथम पुळणीवर उतरून, पाठ समुद्राकडे व तोंड कड्याकडे करून, कड्यापासून दूर उभें राहावें. हा कडा खालून वर वाचावयाचा असतो. तळाशीं हिरवट-पिवळ्या, मातकट रंगाचा खडक दिसतो. त्यांत कालवांचे शिंपले थरांनीं रुतलेले आहेत. सुमारें पांच कोटि वर्षांपूर्वीं येथें उथळ खाडी होती, तिच्या गाळाचा हा खडक. त्याच्यावर फिकट पिवळसर, कोठें कोठें पांढुरका असा जाड वालुकाश्म आहे. खाडीच्या तोंडाशीं समुद्रानें रचलेल्या वाळूच्या बांधांपासून तो बनला, आणि वाहत्या पाण्यानें ती वाळू कशी तिरपी अंथरली त्याच्या रेघा आजहि त्यावर स्पष्ट दिसतात. भूगर्भशास्त्रज्ञ यालाच टॉरी वालुकाश्म म्हणतात. त्याहून वरचा थर मात्र गंजलेल्या लोखंडासारखा तांबडा. हा रंग लोहाच्या संयुगांचा. आपल्याकडील जांभ्याचा तांबडेपणाहि लोहाचाच. परंतु येथें वाचतांना मधलीं पानें गळाल्यासारखें होतें. खालचा वालुकाश्म पांच कोटि वर्षांच्या जवळपासचा, तर त्याच्या पाठीवरचा तांबडा थर अवघ्या दहा लाख वर्षांच्या आसपासचा. मधल्या साडेचार कोटींहून अधिक वर्षांचा पुरावाच येथें शिल्लक नाहीं. त्या काळांत जें कांहीं सांचलें असेल तें झिजून वाहून गेलें, आणि झिजलेल्या पाठीवर समुद्रानें पुन्हां नवी वाळू पसरली. दोन रंग जेथें भेटतात त्या रेघेवर हात ठेवला तर एका पंजाखालीं साडेचार कोटि वर्षें झांकलीं जातात.

या कड्यांवर वर्षाला सरासरी दहा इंचांच्या आसपास पाऊस पडतो, तोहि बहुतेक नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत. मुंबईंत एकट्या जुलईंत जो पडतो त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाहि हा नाहीं. अशा कोरड्या जागीं, वालुकाश्माच्या निकस जमिनींत, पाइनसारखें मोठें झाड जगतें तरी कसें? याचें उत्तर समुद्रांत आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडून दक्षिणेकडे थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. त्यांत वाऱ्याच्या योगानें खालचें गार पाणी वर येत राहतें. त्या पाण्यावरून येणारी हवा थंड होते, तिच्यांतील बाष्पाचे सूक्ष्म कण बनतात, आणि वरच्या उष्ण हवेच्या झांकणाखालीं हें धुकें किनाऱ्यावर दाटून राहतें. मे आणि जून महिन्यांत दुपारपर्यंत सूर्याचें दर्शन होत नाहीं असे दिवस तेथें पुष्कळ. ऊन खाण्यासाठीं दुरून आलेला प्रवासी त्या अभ्राला नांवें ठेवतो; झाड मात्र त्याच्याच आधारावर उन्हाळा काढतें.

टॉरी पाइनच्या सुया पांच-पांचांच्या जुडग्यांनीं येतात आणि बहुधा आठ ते बारा इंच लांब असतात. धुक्यांतलें पाणी या लांब सुयांवर थेंबाथेंबानें जमतें, सुईच्या टोंकाकडे ओघळतें आणि झाडाच्या बुडाशीं जमिनींत मुरतें. आकाशांतून जें पडत नाहीं तें झाड हवेंतून गाळून घेतें, असें म्हटलें तरी चालेल. मुळेंहि तशींच कामसू. रोपटें जमिनीवर वीतभर दिसूं लागण्यापूर्वींच त्याचें सोटमूळ खोल उतरलेलें असतें, आणि मोठ्या झाडाचीं मुळें खडकाच्या फटी शोधीत दूरवर जातात. कड्याच्या कडेला माती वाहून गेलेल्या जागीं हीं मुळें दोरखंडासारखीं उघडीं पडलेलीं दिसतात.

याचें बोंड वजनदार, मुठीएवढें वा त्याहून मोठें असतें, आणि तें पिकावयास तिसरें वर्ष उजाडावें लागतें. पिकलें तरी तें सारें बीं एकदम टाकून मोकळें होत नाहीं. कांहीं बोंडें वर्षानुवर्षें झाडावर राहून थोडथोडें बीं सोडीत असतात. बीं मोठें, कठीण कवचाचें व आंत गोड गराचें. आपल्याकडे सुक्या मेव्यांत येणारा चिलगोजा हेंहि एका पाइनचेंच बीं होय. कुमियाय नांवाचे या भूमीचे मूळ रहिवासी टॉरी पाइनचें बीं अन्न म्हणून गोळा करीत. इतर पाइनांचें हलकें बीं पंखाच्या बळावर वाऱ्यानें उडून जातें. याचें बीं एवढें जड कीं पंख असून नसल्यासारखाच. त्याला दूर नेतो तो निळसर पिसांचा एक चतुर पक्षी. तो पुढील बेगमीसाठीं बिया मातींत पुरून ठेवतो आणि त्यांतील कांहीं विसरतो. त्याच्या विसराळूपणांतून नवें झाड उगवतें.

उघड्या कड्यावर खाऱ्या वाऱ्याचा मारा असतो. तेथें हें झाड वांकडेंतिकडें, खुरटें, एका अंगाला कललेलें वाढतें. परंतु हेंच झाड चांगल्या जमिनींत लावलें तर काय होतें याचा दाखला कॅलिफोर्नियांतच, कार्पिंटेरिया या गांवीं पाहावयास मिळतो. १८८८ सालीं तेथें लावलेलें एक टॉरी पाइन शंभर फुटांच्या वर गेलें आहे आणि या जातींतील सर्वांत मोठें झाड म्हणून तें प्रसिद्ध आहे. मग साहजिकच कोणी विचारील कीं, बागेंत हें झाड इतकें उत्तम वाढतें, तर कड्यांवरील खुरट्या झाडांची एवढी चिंता कशासाठीं? या शंकेचें उत्तर पुढें येईल. तत्पूर्वीं हें वन आजवर राहिलें कसें, हें पाहणें अवश्य आहे.

१८४८ सालीं अमेरिका व मेक्सिको यांच्यांतील युद्ध संपून तह झाला आणि दोन राष्ट्रांची नवी सीमा आंखण्यासाठीं मोजणीदारांचें पथक निघालें. त्या पथकाबरोबर चार्ल्स ख्रिस्तोफर पॅरी नांवाचे एक वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८५० सालीं या कड्यांवर त्यांना ही अनोळखी जात आढळली. न्यूयॉर्क येथील नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन टॉरी यांच्याविषयीं पॅरी यांच्या मनांत गुरुभाव होता. त्यांचेंच नांव त्यांनीं या झाडाला दिलें. तेहतीस वर्षांनीं, १८८३ सालीं, पॅरी पुन्हां सॅन डिएगोस आले. आपण जगाला ओळख करून दिलेल्या झाडाला कोणी वाली नाहीं, हें पाहून त्यांनीं तेथील निसर्गविषयक मंडळापुढें एक निबंध ठेवला आणि या वनाच्या रक्षणाची निकड मांडली. १८८५ सालीं स्थानिक अधिकाऱ्यांनीं झाडांची नासधूस करणाऱ्याला पकडून देणारास शंभर डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें. परंतु त्यानंतरच्या दशकांत हीच जमीन गुरेंमेंढरें चारण्यासाठीं खंडानें दिली गेली. अखेर नगरांतील कांहीं जाणत्या नागरिकांनीं पाठपुरावा केला, आणि ८ ऑगस्ट १८९९ रोजीं नगरसभेनें ३६४ एकर जागा सार्वजनिक उद्यान म्हणून राखून ठेवण्याचा ठराव केला.

ठराव झाला म्हणून कुंपण पडत नाहीं. पुष्कळशीं झाडें तर त्या ३६४ एकरांच्या बाहेरच होतीं, आणि ती जमीन विक्रीस निघण्याची धास्ती होती. तेव्हां वृत्तपत्रांच्या धंद्यांत धन मिळवून तें लोककार्यास लावणाऱ्या एलन ब्राउनिंग स्क्रिप्स या बाईंनीं आपल्या पैशानें लगतच्या जमिनी विकत घेतल्या आणि त्या लोकांसाठीं राखल्या. पुढें मोटारी आल्या, पक्की सडक झाली, आणि वनाला नवाच धोका उत्पन्न झाला. आतां कुऱ्हाड घेऊन येणारा लांकूडतोड्या नव्हता. झाडावर प्रेम करणारा सहलकरी होता. तो सावलींत बसे, चूल पेटवी, सरपणासाठीं फांद्या मोडी आणि आठवण म्हणून बोंडें घेऊन जाई. १९१६ च्या सुमारास केलेल्या पाहणींत ही हानि उघड झाली, आणि १९२१ सालीं गाय फ्लेमिंग या निसर्गाभ्यासकांची राखणदार म्हणून नेमणूक झाली. स्क्रिप्स बाईंनीं १९२२–२३ मध्यें माथ्यावर एक उपाहारगृह बांधून दिलें. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागांतील होपी लोकांच्या घरांच्या धर्तीवर, कच्च्या विटांचें तें बांधकाम आहे. आज तेंच पाहुण्यांना माहिती देणारें केंद्र झालें आहे.

याच सुमारास स्क्रिप्स बाईंनीं राल्फ कॉर्नेल या उद्यानरचनाकारांचा सल्ला घेतला. उद्यान रचणाराकडून फुलांचे ताटवे, कारंजीं आणि हिरवळ यांची अपेक्षा असते. कॉर्नेल यांनीं सुचविलें तें उलट: येथें परकीं झाडें लावूं नयेत, शोभेचीं बांधकामें करूं नयेत, जें निसर्गतः आहे तेंच राखावें. आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळीं ती साधी नव्हती. १९२४ पर्यंत राखीव जागा सुमारें हजार एकरांपर्यंत वाढली. दुसऱ्या महायुद्धांत शेजारच्या पठारावर लष्करी शिक्षणाची छावणी उभी राहिली. युद्धानंतर शहर झपाट्यानें वाढूं लागलें. नगराच्या हातीं ही जागा सुरक्षित राहील कीं नाहीं अशी शंका येऊन १९५६ सालीं नागरिकांचें मत घेण्यांत आलें. नागरिकांनीं वन राज्याच्या स्वाधीन करण्यास संमति दिली, आणि १९५९ मध्यें तें राज्याच्या ताब्यांत गेलें. १९७० च्या सुमारास खाजणापलीकडील पाइनांची आणखी एक जागा लोकवर्गणीच्या साहाय्यानें त्यास जोडली गेली. म्हणजे हें वन एका कायद्यानें राहिलें असें नव्हे. एकाचा निबंध, दुसरीचें धन, तिसऱ्याची राखण आणि हजारों अनामिकांचें मत, एवढ्यांची जोड मिळाली तेव्हां तें राहिलें.

माणसापासून राखलेलें वन इतर संकटांपासूनहि राखलें गेलें, असें मात्र होत नाहीं. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियांत ओळीनें कोरडीं वर्षें आलीं. वादळानें कांहीं झाडें पडलीं, आणि त्या पडक्या लांकडांत तांदळाच्या दाण्याहून फारसा मोठा नसलेला, साल पोखरणारा एक भुंगेरा माजला. त्याची रीत अशी: नर प्रथम सालीला भोंक पाडून आंत शिरतो आणि एक विशिष्ट गंधद्रव्य सोडतो. तो वास म्हणजे भाऊबंदांना आमंत्रण. त्यावर झुंडीच्या झुंडी येतात. निरोगी झाड जखमेंतून राळ सोडून किड्याला बाहेर ढकलतें किंवा बुडवून टाकतें. परंतु राळेचा जोर पाण्यावर अवलंबून असतो. तहानलेल्या झाडाच्या हातीं तें शस्त्र राहत नाहीं. पाहतां पाहतां शेंकडों मोठीं झाडें वाळलीं. ज्या घळींतल्या राईला पॅरी यांचें नांव दिलेलें आहे तिची तर दैना झाली.

औषधाची फवारणी करावी तर किडा सालीच्या आंत, आणि वनांतील इतर जीवांचा घात. तेव्हां शास्त्रज्ञांनीं किड्याचाच वास किड्यावर उलटविला. १९९१ पासून, वाळलेल्या झाडांच्या बाजूस त्या आमंत्रणाच्या गंधाचे सांपळे टांगले. आणि जिवंत झाडांकडे ‘येथें जागा भरली, पुढें जा’ असा अर्थ किड्यास कळेल अशा दुसऱ्या गंधाच्या पुड्या लाविल्या. एकीकडून ढकलणें व दुसरीकडून ओढणें अशी ही युक्ति. तीन लाखांहून अधिक भुंगेरे त्या सांपळ्यांत सांपडले, आणि सांथ आटोक्यांत आली.

या प्रसंगानें एक जुनी भीति नव्यानें जागी झाली. १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत टॉरी पाइनच्या आनुवंशिक घटकांची तपासणी केली होती. तींत तपासलेल्या घटकांपुरता एका वस्तींतील झाडाझाडांत भेदच आढळला नाहीं. फरक दिसला तो केवळ किनाऱ्यावरची वस्ती आणि बेटावरची वस्ती यांच्यांत. कोणे एके काळीं ही जात अगदीं थोड्या झाडांवर येऊन ठेपली असावी व आजचीं झाडें त्यांचीच संतति असावी, असा तर्क यावरून निघतो. ज्या समाजांत सारे एकाच घडणीचे, त्यांत एकाला जो रोग मारील तो सर्वांना मारूं शकेल. पूर्वीं काढलेल्या शंकेचें उत्तर येथें मिळतें. बागेंतील उंच झाड हें एक झाड आहे. कड्यावरील वन ही एक जात आहे. बागेंत त्याला पाणी मिळतें, पण बीं पेरणारा पक्षी, धुकें, निकस वालुकाश्म आणि पिढ्यान्‌पिढ्यांची निवड यांचा तो जुळलेला मेळ बागेंत लावतां येत नाहीं. आणि थोडाफार जो भेद या जातींत लपून उरला असेल, तो या खुरट्या झाडांतच आहे.

येथें एक नाजूक वादहि उभा राहतो. किनाऱ्याच्या आणि बेटाच्या झाडांचा संकर करून बागेंत लावून पाहिला असतां संकरित झाडें अधिक जोमानें वाढलीं. मग असा संकर मुद्दाम करून तो कड्यांवर लावावा काय? लावला तर जात बळकट होईल. परंतु हजारों वर्षें वेगळ्या राहिलेल्या दोन घराण्यांची ओळख पुसली जाईल, आणि कड्यांवरच्या वाऱ्यांत तो जोम टिकेल याची हमी नाहीं. न लावला तर ओळख राहील, पण पुढची सांथ ती राहूं देईल कीं नाहीं, हें कोण सांगणार? तूर्त बीं गोळा करून संग्रहांत सुरक्षित ठेवण्याचें काम चालू आहे. तो सावधपणा आहे, निर्णय नव्हे.

आतां पायवाटांकडे वळावें. वयस्क माणसें व मुलें यांना सर्वांत सोयीची म्हणजे फ्लेमिंग यांच्या नांवाची वाट. पाऊण मैलाहूनहि लहान अशी ती वळसा घालून परत येते, आणि तेवढ्या अंतरांत दाट पाइन, समुद्राचें दर्शन व खाजणाचा देखावा हीं तिन्ही पदरांत पाडते. दुसरी वाट धारदार सुळक्यांकडे जाते. तेथें वालुकाश्माला पाण्यावाऱ्यानें पाडलेल्या घड्या पायांखालीं दिसतात. ‘भग्न टेकडी’ असा अर्थ होणाऱ्या नांवाची वाट सर्वांत लांब, तांबड्या मातीच्या झडलेल्या कंगोऱ्यांजवळून जाणारी. पुळणीवर उतरणारी वाट शेवटीं अरुंद पायऱ्यांनीं एका सपाट खडकाशीं नेऊन सोडते. हिंवाळ्यानंतर, मार्च-एप्रिलच्या सुमारास, झुडुपांमधून रानफुलें येतात. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत कड्याच्या टोंकावरून दूरवर पाण्याचे फवारे उडतांना दिसतात. उत्तरेच्या थंड समुद्रांतून मेक्सिकोच्या उबदार खाड्यांकडे विण्यासाठीं जाणारे, आणि पुढें पिलांसह परतणारे ते करडे देवमासे होत. डोक्यावरून पेलिकन पक्ष्यांची रांग कड्याच्या वाऱ्यावर पंख न हालवितां सरकत जाते.

उत्तरेचें खाजण बहुतेक प्रवासी गाडींतूनच पाहतात. परंतु तेंहि या क्षेत्राचें अंग आहे. भरतीचें पाणी रोज आंतबाहेर झालें तरच खाजण जिवंत राहतें. आगगाडीचा बांध आणि सडक यांनीं त्याचा मार्ग आवळला, त्यामुळें वाळू साचून तोंड बुजूं लागलें. तोंड बुजलें कीं आंतलें पाणी कुजतें, मासे गुदमरतात, आणि लव्हाळ्यांत राहणाऱ्या दुर्मिळ पाणकोंबड्यांचा आसरा जातो. म्हणून वेळोवेळीं यंत्रांनीं वाळू काढून समुद्राला वाट करून द्यावी लागते. निसर्ग एकदां अडविला कीं पुढें त्याचें काम माणसालाच करीत बसावें लागतें, याचा हा धडा.

क्षेत्राचे नियम थोडे पण कडक आहेत. माथ्यावरील वनांत पाण्याखेरीज खाण्यापिण्याचें कांहीं नेतां येत नाहीं. फराळ करावयाचा तर पुळणीवर. कुत्रीं आणण्यास बंदी आहे. पायवाट सोडून चालूं नये. बोंड, बीं, फूल, दगड कांहींहि उचलूं नये. वरवर हे नियम जाचक वाटतात, परंतु प्रत्येकामागें कारण आहे. सांडलेल्या अन्नाला चटावलेलीं खारी-पांखरें आपला स्वाभाविक आहार सोडतात. वालुकाश्मावरची पातळ माती एका आडवाटेच्या पावलांनीं फुटते, आणि पुढच्या पावसांत तेथें ओघळ पडतो. दहा वर्षांत त्याची घळ होते. बोंडाविषयीं तर सांगावयासच नको. लाख पाहुण्यांनीं एक एक बोंड नेलें, तर झाडाच्या पुढच्या पिढ्या परगांवच्या कपाटांत शोभेसाठीं जाऊन बसतील.

दुसरे नियम पाहुण्याच्या जिवासाठीं आहेत. दिवसांतून दोनदां भरती येते, आणि त्या दोन्ही सारख्या नसतात. मोठ्या भरतीला पाणी कड्याच्या पायाला लागतें आणि पुळण नाहींशी होते. म्हणून भरतीओहोटीचें कोष्टक पाहूनच पुळणीनें लांब जावें. हिंवाळ्यांतील जोरकस लाटा वाळू ओढून नेतात आणि खालचे गोटे उघडे पडतात. उन्हाळ्यांत तीच वाळू परत येते. कड्याचा मात्र परतीचा हिशेब नाहीं. खालून लाटा पाया खातात, वरून पावसाचें व झिरपलेलें पाणी भेगा रुंदावतें, आणि एखाद्या शांत दुपारीं कांहीं पूर्वसूचना न देतां दरड खालीं येते. कड्याच्या छायेंत अंथरूण पसरून बसणें वा त्याच्या अगदीं कडेवर उभें राहणें, दोन्ही सारखींच घातक.

दरडी कोसळणें हें या किनाऱ्याचें आजचें दुखणें नव्हे. कडा याच रीतीनें घडला. समुद्र कितीतरी वेळां पुढें आला आणि मागें गेला. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं त्याचें पाणी आजच्याहून जवळजवळ चारशें फूट खालीं होतें, आणि किनारा पुष्कळ पश्चिमेस होता. समुद्र पुढें येई तेव्हां वनाला बियांच्या पावलांनीं मागें सरकण्याची मोकळीक होती. आतां त्याच्या मागें सडका आहेत, घरें आहेत, खेळाचीं मैदानें आहेत. पुढें समुद्र आणि मागें शहर, मध्यें हें वन. सरकावयास जागा उरलेली नाहीं, म्हणूनच जेथें तें उभें आहे तेथें त्याला उभें राहूं देणें, हा एकच उपाय माणसाच्या हातीं आहे.

संध्याकाळीं कड्यावरची गर्दी ओसरते. समुद्रावरून धुक्याची पट्टी सरकत येते आणि झाडें एकामागून एक तिच्यांत शिरतात. त्या वेळीं पाहुणे परतीच्या वाटेला लागलेले असतात, आणि त्यांच्या हातीं नियमाप्रमाणें कांहींच नसतें. या वनाचें उद्यांचें असणें त्या रिकाम्या हातांवर अवलंबून आहे. मागें, अंधारांत, सुयांच्या टोंकांवर पाणी जमूं लागतें.